सही सरकारची, वसुलीला कोण?

माझी आत्या निफाड तालुक्यात असते, द्राक्षाच्या पट्ट्यात, आणि तिच्या बचत गटावर बँकेचं कर्ज आहे. मागे गटातल्या एकीचे दोन हप्ते थकले तर बँकेचा माणूस सगळ्याजणींच्या दारात जाऊन आला, कारण कागदावर सही सगळ्यांची. गेल्या उन्हाळ्यात ती आमच्याकडे नाशिकला आली होती, मेथी निवडत बसलेली, आणि मी तिला मोठ्या उत्साहाने सांगत होते की अगं आपल्या सरकारनं 1993 मध्येच जगाला लिहून दिलंय की बायकांशी होणारा भेदभाव आम्ही संपवू, त्यामुळे आपण त्यांना जाब विचारू शकतो वगैरे वगैरे. तिने मान वर न करता विचारलं, "आम्ही सही केली तर हप्ता चुकल्यावर बँकवाला दारात. सरकारनं सही केली तर त्यांच्या दारात कोण जातं गं?"

मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. नंतर बरंच वाचलं, दोनचार ओळखीच्या वकिलांचं डोकं खाल्लं, आणि जे कळलं ते इथे लिहितेय. आत्याला समजेल अशा भाषेत लिहायचा प्रयत्न आहे, कायद्याच्या विद्यार्थ्यांनी नाक मुरडू नये.

तर तो कागद कुठला? त्याला सगळे सीडॉ म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 18 डिसेंबर 1979 ला मंजूर केलेला करार, महिलांविरुद्धचा सगळ्या प्रकारचा भेदभाव संपवण्याबद्दलचा. 1981 च्या सप्टेंबरपासून तो लागू झाला आणि आज 189 देश त्यात आहेत. गंमत म्हणजे अमेरिकेने 1980 मध्ये सही केली पण पुढचं पाऊल काही अजून टाकलेलं नाही. आता हे पुढचं पाऊल म्हणजे काय, तर सही करणं म्हणजे सुपारी फुटली, आणि नंतर देशाने अधिकृतपणे मान्यता देणं म्हणजे अक्षता पडल्या. अक्षता पडल्यावरच बांधिलकी. भारताची सुपारी 30 जुलै 1980 ला फुटली आणि अक्षता 9 जुलै 1993 ला पडल्या, मध्ये तेरा वर्षं गेली, इतका लांब साखरपुडा आमच्या नात्यात तरी कोणाचा झालेला नाही.

कागदात काय लिहून दिलंय ते महत्त्वाचं. पहिल्याच कलमात भेदभाव म्हणजे काय ते सांगितलंय आणि त्यात एक शब्द फार कामाचा आहे, परिणाम. म्हणजे कुणी मुद्दाम बायकांना डावलायचं ठरवलं असेल तर तो भेदभाव आहेच, पण कुणाच्या मनात तसं काही नसताना एखाद्या नियमाचा, व्यवस्थेचा परिणाम म्हणून बायका मागे राहत असतील तरी तो भेदभावच. उदाहरण एकदम साधं घ्या. शहरात पुरुषांसाठी फुकटच्या मुताऱ्या असतात आणि बाईला मात्र पैसे देऊन संडास वापरावा लागतो, तोही उघडा असला तर. असा नियम कोणी लिहिलेला नाही. पण बाजाराला आलेली बाई सकाळपासून पाणी पीत नाही हा त्याचा परिणाम आहे. मुंबईत 2011 च्या सुमारास बायकांनी यावर राईट टू पी म्हणून मोहीम काढली तेव्हा लोक हसले होते. 2015 मध्ये मुंबई हायकोर्टाने पुण्यातल्या एका याचिकेवर निकाल देताना महापालिकांना बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहं बांधायचे आणि सांभाळायचे आदेश दिले, सन्मानाने जगण्याच्या हक्काशी ते जोडून. मग हसणं जरा कमी झालं. स्वच्छतागृहं किती झाली ते मात्र आपापल्या शहरात फिरून बघा.

मग सरकारने नेमकं करायचं काय? तीन कामं आहेत. एक, स्वतः भेदभाव करायचा नाही. दोन, दुसऱ्या कोणाला करू द्यायचा नाही, मग तो मालक असो, कंपनी असो, नवरा असो की देवस्थान असो. तीन, हातावर हात ठेवून बसायचं नाही, परिस्थिती बदलेल असं काहीतरी करायचं. पहिलं सगळ्यांना पटतं. खरी बोंब दुसऱ्यापासून सुरू होते कारण सरकारचं ठरलेलं उत्तर असतं की हे तर खाजगी आहे, आम्ही कुठं काय केलं.

आत्याच्या मजुरीचंच बघू. द्राक्षाच्या बागेत गड्याचा रोज वेगळा आणि बाईचा वेगळा, हे इतकं मुरलेलं आहे की कुणी विचारतही नाही. विचारलं तर उत्तर तयार, बायकांचं काम हलकं असतं. थिनिंग म्हणजे घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढणं, डिपिंग म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, मान वर करून दिवसभर. आत्याची मान आता रात्री उशीवर टेकत नाही, हलकं काम ना. समान वेतनाचा कायदा आपल्याकडे 1976 पासून आहे, आता तो 2019 च्या वेतन संहितेत घातलाय, पण त्यातली मेख अशी की तो एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाबद्दल बोलतो. मग सोपा मार्ग काय, तर काम वेगळं आहे म्हणायचं. गडी फवारणी करतो, बाई थिनिंग करते, संपला विषय. आता कुठल्या कामाला किती कौशल्य आणि किती कष्ट लागतात हे तपासणं सरकारी यंत्रणेचं काम आहे, शेतकरी आणि मजूर बघून घेतील असं म्हणून त्यातून सुटता येत नाही. आणि हे जमतच नाही असंही नाही, रोजगार हमीच्या कामावर बाई आणि गडी यांना दर एकच असतो, तिथं कोणी आभाळ कोसळल्याचं ऐकलं नाही. (शेतकऱ्यालाच भाव मिळत नाही तर तो मजुरी कुठून देणार, हा प्रश्न खराच आहे, पण मग तोटा बाईच्याच रोजातून का कापायचा हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही.)

दुसऱ्या कामाचं आणखी एक उदाहरण शेजारच्या नगर जिल्ह्यात आणि मग आमच्या जिल्ह्यात घडलंय. 2016 च्या 1 एप्रिलला मुंबई हायकोर्टाने शनिशिंगणापूरच्या याचिकेवर सांगितलं की देवळात जाणं हा बायकांचाही हक्क आहे आणि तो राखणं हे सरकारचं काम आहे. त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही, 1956 चा राज्याचा देवळातल्या प्रवेशाबद्दलचा कायदा होताच, फक्त तो असाही वापरायचा असतो हे कोणाच्या ध्यानात नव्हतं. त्याच महिन्यात त्र्यंबकेश्वरला गाभाऱ्याचा प्रश्न पेटला. आधी तिथं तोडगा निघाला की पुरुषांनाही गाभाऱ्यात बंदी, म्हणजे झाली समानता! पुढे काही बायका पोलिसांच्या बंदोबस्तात गाभाऱ्यात गेल्या. तुम्हाला देवदर्शनाचं महत्त्व वाटो न वाटो, माझी आजी तर म्हणायची देव घरातही भेटतो, पण मुद्दा असा की पोलीस त्या दिवशी कोणाच्या बाजूने उभे होते. अडवणाऱ्यांच्या बाजूने की जाणाऱ्यांच्या, यावर सरकार काय करतंय ते कळतं.

आता जरा किचकट भाग, पण सोडू नका कारण सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे. भारताने अक्षता पडताना दोन अटी घातल्या, कागदाच्या भाषेत त्यांना घोषणा म्हणतात. पहिली अशी की कुठल्याही समाजाच्या वैयक्तिक बाबतीत, त्या समाजाने स्वतःहून पुढाकार आणि संमती दिल्याशिवाय, सरकार हात घालणार नाही. दुसरी अशी की सगळ्या लग्नांची सक्तीने नोंदणी हे तत्त्व मान्य आहे पण एवढ्या मोठ्या देशात, इतक्या चालीरीती आणि अशिक्षितपणा असताना, ते व्यवहारात शक्य नाही. शिवाय करारावरून दोन देशांत वाद झाला तर तो लवादाकडे न्यायचा हे कलमही मान्य नाही म्हणून सांगितलं, ते आपण सोडून देऊ.

दुसरी अट घ्या आधी. महाराष्ट्रानेच 1998 चा लग्ननोंदणीचा कायदा केला, 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलं की नोंदणी सक्तीची करा, आज ग्रामपंचायतीतही नोंदणी होते. म्हणजे जे शक्य नाही म्हणून लिहून दिलं ते आपणच करून दाखवलं.

पहिली अट मात्र त्रासदायक आहे. समाजाचा पुढाकार म्हणजे कोणाचा पुढाकार? समाजाच्या वतीने बोलणारे बहुतेक ठिकाणी पुरुषच असतात, मग ज्यांच्याकडून त्रास त्यांचीच परवानगी घ्यायची का? 2013 मध्ये नाशिकमध्ये जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीला तिच्या वडिलांनीच मारलं. त्यामागे जातपंचायतीचा दबाव असल्याचं बाहेर आलं तेव्हा शहर हादरलं होतं, आमच्या कॉलेजात आठवडाभर तोच विषय. अंनिसने जातपंचायतींविरुद्धची मोहीम तेव्हा नाशिकपासूनच सुरू केली, डॉ. दाभोलकर तेव्हा हयात होते. पुढे महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. देशातला असा हा पहिलाच कायदा असं तेव्हा म्हटलं गेलं. पंचांची संमती घ्यायला कोणी थांबलं असतं तर तो झाला असता का, तुम्हीच सांगा. माझं स्पष्ट मत आहे की ती पहिली घोषणा आता मागे घ्यायला हवी, आणि हे काही मी एकटी म्हणत नाही, संयुक्त राष्ट्रांची समिती भारताला हेच सांगत आलीये.

ही समिती म्हणजे आत्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर. 23 जणांची असते, करारातले देश त्यांना निवडून देतात पण बसायचं स्वतःच्या अकलेने, देशाचे वकील म्हणून नाही. प्रत्येक देशाने साधारण दर चार वर्षांनी आपण काय केलं त्याचा रिपोर्ट द्यायचा आणि मग समोर बसून प्रश्नांना उत्तरं द्यायची. भारताची अशी हजेरी 2000, 2007 आणि 2014 मध्ये झाली. आता रिपोर्ट सरकार लिहिणार म्हटल्यावर तो कसा असेल ते सांगायला नको, आपल्या पोरानं स्वतःच प्रगतीपुस्तक भरलं तर जसं असेल तसं. म्हणून महिला संघटना स्वतःचा वेगळा रिपोर्ट पाठवतात, त्याला पर्यायी अहवाल म्हणायचं, आणि समिती तो वाचते. सरकार म्हणतं अमुक योजना सुरू केली, संघटना म्हणतात हो केली, पण तिचे पैसे कुठं अडकले ते आम्ही दाखवतो. मग प्रश्नांना धार येते. शेवटी समिती लेखी शेरे देते.

आणि मग? मग काही नाही, समितीकडे पोलीस नाहीत की जप्तीवाले नाहीत. 2014 च्या शेऱ्यात भारताला सांगितलं होतं की लग्नातल्या बलात्काराला कायद्यात दिलेली सूट काढा. 2024 च्या 1 जुलैपासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली तरी बायको अठरा वर्षांच्या वरची असेल तर ती सूट तशीच आहे. कायदा अख्खा नवा लिहायला घेतला होता, तेव्हाच ती ओळ काढता आली असती. ही विसरण्यातली गोष्ट नव्हती, ठेवायची ठरवलीये, एवढं तरी कबूल करावं.

आणखी एक दार आहे पण ते आपल्यासाठी बंद आहे. 1999 मध्ये या कराराला एक जोडपत्र आलं. ते मान्य केलेल्या देशातल्या बाईला, आपल्या देशातली सगळी कोर्टं करून झाल्यावरही न्याय मिळाला नाही तर, थेट या समितीकडे तक्रार करता येते. बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, मालदीव, सगळे त्यात आहेत. भारत नाही. म्हणजे काठमांडूची बाई जे करू शकते ते निफाडची करू शकत नाही. हे मी आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आपल्या सरकारनं सही केली पण जामीन दिला नाही." याहून सोप्या भाषेत मला तरी सांगता येणार नाही.

पण आपल्या कोर्टांनी या कागदाचा एकदा जबरदस्त उपयोग केलाय. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरी देवी सरकारच्याच महिला विकास कार्यक्रमात साथीन, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, म्हणून काम करायच्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 1995 मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. त्यानंतरही त्या बोलत राहिल्या, आणि याच प्रकरणातून महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या होत्या, तिथं प्रश्न असा मांडला की बाई कामावर असताना तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची? तेव्हा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल कायदाच नव्हता. कोर्टाने 13 ऑगस्ट 1997 च्या विशाखा निकालात म्हटलं की कायदा नसला तरी भारताने सीडॉ मान्य केलाय, तो आपल्या घटनेतल्या हक्कांशी जुळतो, तेव्हा संसद कायदा करेपर्यंत ही घ्या नियमावली आणि तीच कायदा म्हणून पाळा. 1993 च्या त्या अक्षता इथं कामाला आल्या. संसदेला कायदा करायला पुढे सोळा वर्षं लागली, 2013 उजाडलं, पण तोवर पायाखाली जमीन तरी होती.

त्या 2013 च्या कायद्यात दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती लागते हे सातपूर-अंबडच्या कंपन्यांमधल्या मुलींना आता बऱ्यापैकी माहीत असतं. कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे जिथं दहाहून कमी माणसं आहेत किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे तिथल्या बायकांसाठी, त्यात घरकाम करणाऱ्या बायकाही आल्या, प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक समिती असायला हवी. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची, चौकशी 90 दिवसांत संपायला हवी, आणि समितीने वर्षाचा अहवाल द्यायचा. 2023 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टालाच म्हणावं लागलं की या कायद्याच्या अंमलबजावणीत गंभीर त्रुटी आहेत, जाऊन तपासा समित्या आहेत का. म्हणून आधी विचारा, आमच्या जिल्ह्याच्या स्थानिक समितीत कोण आहेत, कधी नेमले, गेल्या वर्षी तक्रारी किती आल्या. तीन ओळींचा प्रश्न आहे, पण मोर्च्यापेक्षा ऑफिसला याचं टेन्शन जास्त येतं हा माझा अनुभव, कारण मोर्चा संध्याकाळी घरी जातो आणि कागदाला उत्तर द्यावं लागतं.

तिसऱ्या कामाबद्दल, म्हणजे हातावर हात ठेवून न बसण्याबद्दल, जमिनीशिवाय बोलताच येत नाही. 1986 च्या नोव्हेंबरमध्ये आमच्याच जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं, माझी आई अजून त्या गर्दीच्या गोष्टी सांगते. पुढे शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्तीच्या हाकेवर हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली, आणि 1992 मध्ये सरकारने सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायचा निर्णय काढला. म्हणजे लोक पुढे, सरकार मागून. 1994 मध्ये महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला, देशाने 2005 मध्ये. कायद्यात सगळं बरोब्बर. आणि प्रत्यक्षात? प्रत्यक्षात हक्कसोडपत्र. बहिणीने भावासाठी सही करायची, नाहीतर माहेर तुटतं. आत्यानेही माझ्या वडिलांसाठी केलीये, हे लिहिताना मला जरा अवघडल्यासारखं होतंय, कारण माझं इंजिनीअरिंग त्याच जमिनीच्या द्राक्षावर झालं. यात सरकारचा काय दोष असं कोणी म्हणेल. कराराचं पाचवं कलम म्हणतं की बाईने असंच वागायचं असतं या समजुती बदलायलाही सरकारने काम करायचंय. सही करण्याआधी त्या बाईला एकटीला बसवून नीट समजावून सांगणं, एवढं जरी ऑफिसात झालं तरी खूप आहे.

आता आत्याच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर. दारात आपल्यालाच जावं लागतं. पण बँकवाला जसा हप्त्याचं पुस्तक घेऊन येतो तसं काहीतरी हातात घेऊन. कराराचं चौदावं कलम अख्खं खेड्यातल्या बायकांसाठी आहे आणि गावच्या योजना ठरवताना त्यांना बोलता आलं पाहिजे असं त्यात आहे. आपल्याकडे त्याची सोयही आहे, पंचायतीत महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा बायकांना आहेत (सरपंचपती हा स्वतंत्र विषय, त्याच्यावर लिहायला घेतलं तर रात्र होईल) आणि प्रत्येक नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यावी लागते. आत्याला विचारलं तुमच्याकडे होते का, तर म्हणाली कधी ऐकलं नाही.

मग आम्ही दोघींनी माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि दीडशे शब्दांच्या आत कारण महाराष्ट्रात तसा नियम आहे. का, कशासाठी, असलं काही लिहायचं नसतं, कारण विचारायचा त्यांना अधिकार नाही. मागितलं एवढंच, गेल्या तीन वर्षांत महिला ग्रामसभा कोणत्या तारखांना झाल्या, त्यांच्या हजेरी रजिस्टरची आणि इतिवृत्ताची प्रत द्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, तेही नाही जमलं तर माहिती आयोग, त्याचं खंडपीठ नाशिकलाच आहे. पहिल्या आठवड्यात आत्याला गावातून दोन फोन आले, काय काम होतं ताई, आम्हाला सांगायचं ना. तिने सांगितलं अर्जात लिहिलंय.

अठ्ठाविसाव्या दिवशी प्रती आल्या. कागदावर महिला ग्रामसभा व्यवस्थित झालेल्या. एका सभेच्या हजेरीत आत्याचं नाव आणि पुढे सही. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितली. "सही माझीच आहे," म्हणाली, "शिपाई रजिस्टर घेऊन घरी आला होता, घाईत होते, न वाचता केली." मग तारखेवर बोट ठेवलं. त्या दिवशी ती नाशिकला होती, माझ्या बहिणीच्या डोहाळजेवणाला, पुरणाचा घाट तिनेच घातला होता.

"त्या दिवशीचे फोटो आहेत ना तुझ्या मोबाईलमधे," ती म्हणाली, "त्याच्यावर तारीख निघती का गं?"